बाटलीवरचा आकडा

तांब्याचा थर दिलेल्या बोर्डाचा एक तुकडा घेतला आणि बाजारात मिळेल ते सगळ्यात कडक हायड्रोक्लोरिक ॲसिड त्यावर ओतलं, तर काय होईल? वाफा निघतील, नाक चुरचुरेल, जवळ ठेवलेले पाने-पकडी दोन-चार दिवसांत गंजतील. तांब्यावरचा काळपट थर निघून खालचं तांबं लखलखीत दिसू लागेल. बस, एवढंच. रात्रभर ठेवलं तर हवेतल्या ऑक्सिजनच्या कृपेने थोडंसं हिरवट पाणी सुटेल, पण सर्किट काही कोरलं जाणार नाही. (करून बघायची गरज नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.)

याचं कारण शाळेच्या पुस्तकातच आहे. धातूंच्या क्रियाशीलता श्रेणीत तांबं हायड्रोजनच्या खाली येतं. जस्त, लोखंड, ॲल्युमिनियम हे धातू आम्लातल्या हायड्रोजनला हुसकावून लावतात. तांब्याच्या अंगात तेवढा जोर नाही. त्याला द्रावणात उतरवायचं तर त्याच्याकडचे इलेक्ट्रॉन काढून घेणारा दुसरा कोणीतरी हवा. त्याला ऑक्सिडक म्हणतात. ॲसिडचं काम त्यानंतर सुरू होतं: सुटलेल्या तांब्याला क्लोराइडच्या रूपात पाण्यात विरघळलेलं ठेवायचं. म्हणजे घरी बोर्ड करताना आपण ज्याला 'ॲसिड' म्हणतो तो या खेळातला मदतनीस आहे. मुख्य गडी वेगळाच.

नत्राम्ल मात्र दोन्ही कामं एकटं करतं. जुन्या छापखान्यांमध्ये चित्रांचे 'ब्लॉक' जस्ताच्या पत्र्यावर पातळ नत्राम्लाने कोरून काढत. राखायचा भाग झाकायचा आणि उघडा भाग आम्लाला खाऊ घालायचा, हे तंत्र सर्किट बोर्डापेक्षा कितीतरी जुनं. व्हिएन्नात जन्मलेला पॉल आयस्लर १९३६ मध्ये लंडनला आला आणि त्याने छपाईतली हीच युक्ती रेडिओच्या वायरिंगला लावली. तारा जोडत बसण्याऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यातून त्या कोरून काढायच्या. आपण राखायच्या रेघा झाकायला इस्त्रीने बोर्डावर प्रिंटरचा टोनर उतरवतो तेव्हा त्याचंच बोट धरून चाललेलो असतो. नत्राम्ल मात्र घरात आणू नये. तांब्याशी गाठ पडली की त्यातून तपकिरी रंगाचा नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. हा वायू फुप्फुसांना जी इजा करतो ती कधीकधी काही तासांनी जाणवते, आणि तोवर माणूस 'मला काही झालं नाही' या समजुतीत असतो.

मग उरतात दोन रस्ते. पहिला फेरिक क्लोराइडचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'बोर्ड धुवायची पावडर' मागितली तर दुकानदार न विचारता तेच देईल. यात ऑक्सिडक म्हणजे लोखंडच असतं. तीन संयुजेचं लोखंड तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन दोन संयुजेचं होतं आणि तांबं क्लोराइड होऊन पाण्यात उतरतं. विकत मिळणाऱ्या तयार द्रावणाच्या कॅनवर बरेचदा '४२ बॉमे' असं काहीतरी लिहिलेलं असतं. आंत्वान बॉमे हा अठराव्या शतकातला फ्रेंच औषधनिर्माता. द्रवात काच तरंगवून घनता मोजायची त्याने एक मोजपट्टी केली आणि रसायनांच्या धंद्याने ती आजवर सोडलेली नाही. हिशेब सोपा आहे: १४५ मधून बॉमेचा आकडा वजा करा आणि जे येईल त्याने १४५ ला भागा. ४२ बॉमे म्हणजे १४५ भागिले १०३, म्हणजे घनता साधारण १.४१. अशा एक लिटर द्रावणाचं वजन १,४०० ग्रॅमच्या वर भरतं आणि त्यात फेरिक क्लोराइड ४० टक्क्यांच्या आसपास असतं.

पावडर घेतलीत तर एक गोष्ट बघून घ्या. पिवळट-तपकिरी ओलसर ढेकळं असतील तर त्यात पाणी आधीच धरलेलं आहे. ती निमूट विरघळतात. काळपट, कोरडी, चमकदार भुकटी असेल तर ती निर्जल. ती पाण्यात टाकली की पाणी उकळीच्या जवळ जाऊ शकतं आणि वर आम्लाच्या वाफा सुटतात. भांड्यात आधी थंड पाणी घ्यायचं आणि त्यात भुकटी चमच्या-चमच्याने टाकायची. उलट कधीच करायचं नाही. हे द्रावण सुरक्षित म्हणून ओळखलं जातं आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण त्याचे डाग जात नाहीत आणि स्टीलच्या सिंकला ते भोकं पाडू शकतं. द्रावण गडद असल्यामुळे बोर्ड किती धुतला गेला तेही दिसत नाही. सारखा बाहेर काढून बघावा लागतो.

दुसरा रस्ता हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाचा. इथे ऑक्सिडक म्हणजे पेरॉक्साइड. मिश्रण पाण्यासारखं स्वच्छ असतं. तांबं हिरवं होत होत विरघळताना डोळ्यांनी दिसतं आणि काम काही मिनिटांत उरकतं. मात्र दोन बाटल्या, दोन आकडे, आणि दोन्ही आकडे वेगवेगळ्या भाषेत लिहिलेले. घोटाळे होतात ते इथेच.

पेरॉक्साइड आधी घेऊ. मेडिकलच्या दुकानात जखम धुवायला जी बाटली मिळते तिच्यावर '२० व्हॉल्यूम' आणि '६ टक्के' असं दोन्ही छापलेलं असतं. व्हॉल्यूम म्हणजे टक्के नव्हेत. एक लिटर द्रवातलं सगळं पेरॉक्साइड फुटलं तर त्यातून किती लिटर ऑक्सिजन बाहेर पडेल, तो हा आकडा. ६ टक्क्यांच्या एक लिटरमध्ये ६० ग्रॅम पेरॉक्साइड असतं आणि ६८ ग्रॅममधून २२.४ लिटर ऑक्सिजन मिळतो. गुणाकार-भागाकार केला की उत्तर वीसच्या अगदी जवळ येतं. त्याच न्यायाने १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, ४० म्हणजे १२ आणि प्रयोगशाळेतलं १०० व्हॉल्यूम म्हणजे ३० टक्के. केस रंगवायच्या सामानातही २०, ३०, ४० व्हॉल्यूमच्या बाटल्या असतात, पण ते बहुधा क्रीम असतं, आपल्या कामाचं नाही. पेरॉक्साइडला जुनं होण्याचाही शाप आहे. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत वर्षभर पडलेल्या, उघडलेल्या बाटलीत पुष्कळदा नुसतं पाणीच उरलेलं असतं. बटाट्याच्या ताज्या कापावर दोन थेंब टाकावेत. भरभरून फेस आला तर माल जिवंत आहे.

आता ॲसिड. प्रयोगशाळेच्या बाटलीवर ३५ ते ३८ टक्के असतं, धंद्यासाठी विकलं जाणारं साधारण ३० ते ३३ आणि संडास साफ करायच्या निळ्या द्रवात १० टक्क्यांच्या आसपास. हे टक्के वजनाचे आहेत: १०० ग्रॅम द्रवात इतके ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड वायू. आपण मात्र मोजतो मिलिलिटरमध्ये. ३७ टक्क्यांच्या ॲसिडची घनता १.१९ असल्यामुळे त्याच्या एक लिटरमध्ये ३७० नव्हे तर ४४० ग्रॅम वायू असतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण मिसळायला बसलं की जाणवतो.

दारावर फिनेल आणि ॲसिड विकणारे येतात. त्यांच्या बाटलीवर आकडाच नसतो, कधी तर बाटली कोल्ड्रिंकची असते. असला माल घेऊच नये. पण घरात एखादी विनालेबल बाटली आधीपासून असेल, तर ती ओळखायची एक छान युक्ती आहे. प्लास्टिकच्या मोजपात्रात १०० मिलिलिटर ॲसिड घ्या आणि त्याचं निव्वळ वजन करा. १०० च्या वर जितके ग्रॅम भरतील त्यांची दुप्पट म्हणजे ॲसिडचे टक्के. ११५ ग्रॅम भरलं तर ३० टक्के, ११६ भरलं तर ३२, ११८ भरलं तर ३६. हायड्रोक्लोरिकच्या बाबतीत हा अंदाज सगळ्या टप्प्यांवर आश्चर्य वाटावं इतका नेमका बसतो. मोजताना एका मिलिलिटरची चूक झाली तर उत्तर दोन टक्क्यांनी सरकतं, तेवढं चालतं. आणि वजन १२० च्या बरंच वर गेलं, तर बाटलीत हायड्रोक्लोरिक नाहीच. गाड्यांच्या बॅटरीत भरायच्या गंधकाम्लाची घनता १.२५ च्या वर असते आणि कडक गंधकाम्लाची तर १.८४. अशी बाटली झाकण लावून बाजूला ठेवायची. तिच्यात पेरॉक्साइड घालून बघायचा मोह धरायचा नाही.

ॲसिड विकत घ्यायला गेलं की दुकानदार 'कशाला पाहिजे?' असं विचारतो आणि आधार कार्ड मागतो. पुष्कळ हौशी मंडळींना याचा राग येतो. राग येण्यासारखं त्यात काही नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्यानुसार खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि किती ॲसिड विकलं याची नोंद वहीत ठेवल्याशिवाय ते काउंटरवर विकता येत नाही. सरकारी ओळखपत्र बघायचं, कारण लिहून घ्यायचं आणि अठरा वर्षांखालच्या कोणाला द्यायचं नाही, हेही त्यात आहे. नियम मोडणाऱ्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा सरळ सांगावं, 'काका, सर्किट बोर्ड धुवायचाय, अर्धा लिटर पुरे,' आणि वहीत सही करावी. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतच काम करावं; तिथेही वापराची नोंद ठेवणं याच आदेशाने बंधनकारक आहे.

अर्धा लिटर का पुरतं, त्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन असतो. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या एका बाजूवर १०० चौरस सेंटिमीटर गुणिले ०.००३५ सेंटिमीटर, म्हणजे ०.३५ घन सेंटिमीटर तांबं. वजन भरतं ३.१ ग्रॅम. एवढा मोठा बोर्ड आणि त्यावर तांबं जेमतेम एका छोट्या नाण्याइतकं! ते सगळंच्या सगळं विरघळवायला १.७ ग्रॅम पेरॉक्साइड लागतं. मेडिकलच्या बाटलीतलं २८ मिलिलिटर झालं. ॲसिड ३२ टक्क्यांचं असेल तर १० मिलिलिटरसुद्धा लागत नाही. प्रत्यक्षात ॲसिड तिप्पट घेतात, कारण अर्धवट ऑक्सिडीकरण झालेलं क्युप्रस क्लोराइड साध्या पाण्यात विरघळत नाही. ते विरघळलेलं राहायला भोवती जास्तीचं क्लोराइड हवं. म्हणून ३० मिलिलिटर पाणी, ३० मिलिलिटर ॲसिड आणि ३० मिलिलिटर ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड, हे मिश्रण एका बोर्डाला पुरून उरतं. त्यात ॲसिडचं प्रमाण उतरून १२ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे संडासच्या निळ्या द्रवाहून थोडंसंच जास्त. मग तो द्रवच का वापरू नये? कारण त्यात चिकटपणासाठी, फेसासाठी आणि रंगासाठी आणखी बरंच काही घातलेलं असतं. ते बोर्डावर साय धरतं.

आता जो म्हणतो की मी १०० व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड आणि ३७ टक्क्यांचं ॲसिड आणलंय, थेट तेच ओततो, त्याचं काय होतं? दोघं तांब्याची वाट बघत नाहीत. ते एकमेकांशीच भिडतात आणि क्लोरीन वायू सुटतो. हिरवट-पिवळा, हवेपेक्षा जड, गुदमरवणारा. मिश्रण तापतं, बुडबुड्यांनी टोनर उचलला जातो आणि बारीक रेघा नाहीशा होतात. शिवाय ॲसिड जितकं खाली खातं जवळजवळ तितकंच आडवंही खातं. ३५ मायक्रॉन खोल जाताना रेघेच्या दोन्ही कडांखालूनही तेवढं तांबं जाऊ शकतं, ०.३ मिलिमीटरची रेघ सव्वादोन दशांशावर येते. बोर्ड वेळेवर बाहेर काढणं हाच त्यावर इलाज, आणि ज्या मिश्रणात काम अर्ध्या मिनिटात आटपतं त्यात 'वेळेवर' हा शब्दच उरत नाही. माझं मत विचाराल तर पाच ते दहा मिनिटं घेणारं मिश्रण सगळ्यात चांगलं. नवशिक्याने प्रयोगशाळेतली बाटली मागूच नये.

कडक बाटलीची आणखी एक खोड म्हणजे वाफा. हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणजे पाण्यात विरघळलेला वायूच. २० टक्क्यांच्या वर तो सुटायला बघतो. त्याखाली बराचसा मुकाट राहतो. म्हणून बाटली आणली की मोकळ्या हवेत निम्म्याला निम्मं पाणी घालून ठेवणं शहाणपणाचं. आधी पाणी, त्यात बारीक धारेने ॲसिड. लेबलवर नवा आकडा आणि तारीख लिहायची आणि मिश्रण करताना वेगळं पाणी घालायचं नाही, कारण ते आधीच घातलेलं आहे. वर सांगितलेल्या मापात ३० पाणी आणि ३० ॲसिडऐवजी या बाटलीतलं ६० मिलिलिटर घ्यायचं, बस. पेरॉक्साइड नेहमी शेवटी आणि काम सुरू करायच्या क्षणी.

जागा निवडताना हवेइतकंच खाली काय आहे तेही बघा. ओट्याचा कडप्पा आणि अंगणातली शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ॲसिडचा थेंब पडला की तिथे फसफसतं आणि कायमचा खळगा राहतो. प्लास्टिकच्या मोठ्या ट्रेमध्ये छोटा ट्रे ठेवावा, डोळ्यांवर बंद कडांचा चश्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. फरशीवर सांडलं तर खायचा सोडा टाकावा. अंगावर उडालं तर सोडा नको, नुसतं भरपूर वाहतं पाणी. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं धुवून सरळ डॉक्टरकडे. ॲसिडच्या जवळपास ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करायचं ब्लीच ठेवू नये, कारण त्यातूनही क्लोरीनच निघतो.

पहिला बोर्ड झाल्यावर ट्रेमध्ये जे पाचूसारखं हिरवं पाणी उरतं, ते फेकून देणारे फार मोठी चूक करतात. पेरॉक्साइड संपलेलं असतं, पण आता त्यात क्युप्रिक क्लोराइड आहे आणि ते स्वतःच ऑक्सिडक आहे. ते नव्या तांब्याला धरतं, दोघांचं मिळून क्युप्रस क्लोराइड होतं आणि द्रावण हळूहळू तपकिरी, मग काळपट होतं. फिश टँकच्या छोट्या पंपाने त्यात हवा सोडली की हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा हिरवं करतो. सुरुवातीला रात्रभर हवा खाऊन थोडंसं हिरवं पाणी सुटलं होतं ते याच वाटेने. या फेऱ्यात पेरॉक्साइड लागतच नाही. खर्च होतं ते फक्त ॲसिड, आणि मधूनमधून थोडं घालावं लागतं. हिरवं असूनही द्रावण काम करेनासं झालं तर ॲसिड कमी पडलंय, तपकिरी झालं तर हवा कमी पडलीय. ते साठवायची बाटली प्लास्टिकची असावी आणि झाकण सैल असावं. पेरॉक्साइडचा अंश उरला असेल तर आत ऑक्सिजन साठत जातो आणि घट्ट बाटली फुगून फुटते.

प्रत्येक बोर्डागणिक द्रावणात तांबं मात्र वाढत जातं आणि कधीतरी जास्तीचं पाणी काढून टाकावं लागतं. ते मोरीत ओतायचं नाही. विरघळलेलं तांबं माशांना आणि शेवाळाला विष आहे, मग ते क्लोराइड असो की मोरचूद. त्याची विल्हेवाट लावायची रीत नाशिक-सांगलीकडच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला समजावून सांगावी लागणार नाही. तो बोर्डो मिश्रण करताना मोरचुदात चुना घालून विरघळलेल्या तांब्याला न विरघळणाऱ्या निळ्या कणांमध्ये आणतो. आपण मोठ्या बादलीत, थोडा थोडा करत, धुण्याचा सोडा घालायचा. आधी जोरात फेस येतो, ॲसिड मरतं. मग निळसर-हिरवा गाळ बसू लागतो. फेस थांबला की रात्रभर निवळू द्यायचं आणि वरच्या निवळीत घासून चकचकीत केलेला एक लोखंडी खिळा बुडवायचा. बागायतदार कोयत्याचं पातं बुडवून हेच बघतात. खिळ्यावर तांबूस झाक आली तर निवळीत तांबं अजून आहे, सोडा आणखी घालायचा. खिळा जसाच्या तसा राहिला तर निवळी भरपूर पाण्याबरोबर सोडून देता येते. खालचा गाळ फडक्यात गाळून वाळवायचा, जाड पिशवीत बंद करून त्यावर 'तांब्याचा गाळ' असं लिहायचं आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न घालता घरगुती घातक कचऱ्यात द्यायचा.